आठ सेलची १/५ रिमोटची गाडी सुरू होताना थरथरते, दुसरा कंट्रोलर बसवूनही दोष तसाच

जांबोटी_रोड (खानापूर)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे रिमोटवर चालणारा १/५ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या पाचव्या हिश्श्याचा, चारही चाकांना ओढ असलेला ट्रक आहे. बॅटऱ्यांसकट वजन चौदा किलोच्या आसपास भरते. मोटर चार पोलची, सेन्सर नसलेली, ८०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाचे ८०० फेरे) आहे आणि ४एसच्या, म्हणजे चार-चार सेलच्या, दोन लायपो बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून एकूण ८एस मिळतात. गाडी एका ओळखीच्या गृहस्थांकडून वापरलेली घेतली, त्यामुळे मोटरीवर आधी काय काय प्रयोग झाले ते मला ठाऊक नाही. मोटरीच्या वायरी मुळातल्यापेक्षा आखूड केलेल्या दिसतात, एवढे मात्र खरे.

दोष असा आहे. गाडी उभी असताना ट्रिगर हळू दाबला की मोटर फिरण्याऐवजी जागच्या जागी थरथरते, गुरगुरल्यासारखा आवाज येतो आणि चाके दोन्ही दिशांना किंचित हलतात. हाताने थोडा धक्का दिला किंवा ट्रिगर एकदम दाबला तर ती झटका देऊन सुटते आणि वरच्या वेगात बऱ्यापैकी पळते, पण चढावर किंवा दाट गवतात वेग उतरला की पुन्हा अडखळते. चाके जमिनीपासून उचलून धरली तर बहुतेक वेळा नीट सुरू होते. मोटर तापते, पण मोटरीचा वेग सांभाळणारा कंट्रोलर त्याहून जास्त तापतो आणि काही मिनिटांतच तापमानाच्या संरक्षणामुळे गाडी बंद पडते.

याआधीचा कंट्रोलर उन्हाळ्यात मोकळ्या शेतात चालवताना धूर सोडून गेला. विक्रेत्याने ‘पाणी शिरले असेल’ असे सांगून हात झटकले. वास्तविक त्या वेळी शेतात ओल नावालाही नव्हती. त्यानंतर दुसऱ्या कंपनीचा, २०० अँपिअरचा म्हणून विकला जाणारा कंट्रोलर मागवला. थरथर तशीच आहे. बॅटऱ्या बदलून पाहिल्या, ट्रिगरचे कॅलिब्रेशन पुन्हा केले, कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये टायमिंग सर्वांत कमी ठेवले, पंच (सुरुवातीचा जोर) उतरवला. मल्टिमीटरने मोटरीच्या तिन्ही वायरींमधला रेझिस्टन्स मोजला तर तिन्ही जोड्यांना ०.२ ओहम दाखवतो, म्हणजे मोटर ठीक असावी असे मी धरून चाललो आहे. आणखी एक सांगायला हवे: वजनाचा तोल राखण्यासाठी बॅटऱ्यांचा डबा मागे नेला आहे, त्यामुळे बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंतच्या वायरी आता साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर लांब झाल्या आहेत.

आता तिसरा कंट्रोलर मागवावा, की सेन्सरवाली मोटर आणि कंट्रोलर असा जोडच घ्यावा, हे समजत नाही. दोन्हींचा खर्च थोडाथोडका नाही, म्हणून आधी इथे विचारत आहे.

निपाणी_ऑफरोड (निपाणी)

काहीही मागवण्याआधी थोडे थांबा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कंट्रोलर एकच लक्षण दाखवत असतील, तर कंट्रोलरवरचा संशय आपोआप कमी होतो. जे दोन्ही वेळा गाडीत कायम होते त्याच्याकडे, म्हणजे बॅटरी, कनेक्टर, वायरी, मोटर आणि गिअर यांच्याकडे आधी पाहायला हवे.

सेन्सर नसलेल्या मोटरीत रोटर (फिरणारा भाग) कोणत्या कोनात उभा आहे हे कंट्रोलरला कळत नाही. मोटर फिरू लागली की तीन वायरींच्या तीन फेजपैकी ज्या फेजमध्ये त्या क्षणी करंट नसतो, तिच्यात उलट व्होल्टेज तयार होते आणि त्यावरून कंट्रोलर रोटरची जागा ओळखतो. गाडी उभी असताना हे व्होल्टेज शून्य असते, त्यामुळे सुरुवातीचे काही ठोके तो अंदाजानेच देतो. गाडी जड, पिनियन (मोटरीच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) मोठा आणि बॅटरी ढिली असेल तर हा अंदाज चुकत राहतो आणि तुम्ही वर्णन केली तशी थरथर होते. चाके उचलल्यावर ती नीट सुरू होते याचा अर्थ एवढाच की भार नसताना अंदाज पुरेसा ठरतो.

बॅटऱ्या बदलून पाहिल्या असे लिहिले आहे, परंतु त्या भाराखाली मोजल्या का? पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे ८एसचे ३३.६ व्होल्ट होतात, पण हा आकडा गाडी उभी असतानाचा आहे. दोन्ही पॅकच्या बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलची वायर जिथे येते तो छोटा प्लग) सेल चेकर लावा, एकाने गाडी धरावी, दुसऱ्याने ट्रिगर दाबावा आणि त्या क्षणी प्रत्येक सेल कुठवर खाली येतो ते पाहावे. ताज्या चार्जवर एखादाच सेल बाकीच्यांना सोडून ३.५ च्या खाली आपटत असेल तर तो पॅक बाजूला काढा. पॅकवर छापलेल्या ‘सी’ आकड्यावर (क्षमतेच्या किती पट करंट मिळेल तो आकडा) मी स्वतः काडीचाही विश्वास ठेवत नाही. १००सी लिहिलेल्या ५००० एमएएचच्या पॅकने ५०० अँपिअर द्यायचे म्हटले तर त्याच्या वायरी आधी वितळतील.

दुसरी गोष्ट, गाडी थरथरत असताना स्टिअरिंग चालते का ते पाहा. १/५ च्या मोठ्या सर्व्होने (स्टिअरिंग वळवणारी मोटर) रिमोटचा संदेश घेणाऱ्या रिसीव्हरचे व्होल्टेज खाली ओढले तर रिसीव्हर क्षणभर मरतो आणि मोटर तुटक चालते, पण अशा वेळी स्टिअरिंगही मरते. स्टिअरिंग चालू राहत असेल तर तो मार्ग सोडून द्या.

मोटरीबद्दल माझ्यापेक्षा जाणकार मंडळी इथे आहेत. मात्र ०.२ ओहमच्या त्या मापनावरून काही ठरवू नका.

जांबोटी_रोड (खानापूर)

आभारी आहे. भाराखाली मोजले. सर्व सेल ३.७ च्या वरच राहतात आणि आपसातला फरक किरकोळ आहे. थरथर चालू असताना स्टिअरिंग व्यवस्थित चालते. पिनियन एक नंबर लहान लावून पाहिला, थरथर थोडी कमी झाली पण गेली नाही. मोटरीचे मापन निरुपयोगी का, ते मात्र समजले नाही. मीटर चांगल्या कंपनीचा आहे.

उद्यमबाग_वायंडिंग (बेळगाव)

मीटर चांगलाच असेल, पण तो या कामाचा नाही. एवढ्या मोठ्या मोटरीच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स काही मिलिओहम असतो, म्हणजे एका ओहमचा दोनशेवा भाग वगैरे. तुमच्या मीटरने दाखवलेले ०.२ ओहम हे त्याच्या स्वतःच्या प्रोबचे आणि टोकांच्या स्पर्शाचे आहेत. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून पाहा, तोच आकडा येईल. आमच्याकडे पंपाच्या मोटरी रिवायंडिंगला येतात, त्यांच्यात ओहमाचे आकडे असतात म्हणून मीटर चालतो. इथे चालत नाही.

कंट्रोलर जळाला की माणसे नवा कंट्रोलर जोडतात आणि मोटर तपासतच नाहीत, हे मी वारंवार पाहतो. मोटरीत दोन वळसे आपसात चिकटले असतील तर ती नवा कंट्रोलरही खाऊन टाकते. उलट, जळालेला कंट्रोलर मोटरीला सहसा इजा करत नाही. म्हणून क्रम नेहमी आधी मोटर आणि मग कंट्रोलर असाच ठेवावा. मोटर निर्दोष ठरल्याशिवाय तिला चांगला कंट्रोलर दाखवूही नये.

पहिली तपासणी हाताने होते. पिनियन काढा किंवा मोटर मागे सरकवून गिअरपासून सोडवा, मोटरीच्या वायरींच्या टोकांचे तिन्ही बुलेट कनेक्टर (गोल पिना) सोडा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. चुंबकामुळे ठरावीक अंतरावर हलके अडथळे जाणवतील, पण ते सगळे सारखे हवेत. वायरी मोकळ्या असतानाही शाफ्ट मधात फिरल्यासारखा जड जात असेल तर आतले वळसे शॉर्ट आहेत. खरखर जाणवली तर बेअरिंग गेले आहे, किंवा चुंबक सुटून स्टेटरला (वायंडिंग असलेला स्थिर भाग) घासतो आहे. आता कोणत्याही दोन वायरी एकमेकींना टेकवून पुन्हा फिरवा. शाफ्ट स्पष्ट जड झाला पाहिजे. तिन्ही जोड्या अशा करून पाहा. एखाद्या जोडीत जडपणा येत नसेल तर त्या मार्गात कुठेतरी तूट आहे. ही चाचणी ढोबळ दोष पकडते. तुमचा दोष ढोबळ नसावा, कारण गाडी वेगात चालते आहे.

म्हणून दुसरी तपासणी करा. लागणारे सामान कोणत्याही गॅरेजात सापडेल: मोटारसायकलची किंवा यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी आणि हेडलाइटचा ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्ब, बल्बपासून मोटरीची एक वायर आणि मोटरीच्या दुसऱ्या वायरीपासून बॅटरीचा निगेटिव्ह, अशी एकाच ओळीत जोडणी करा. मोटरीचा रेझिस्टन्स नगण्य असल्यामुळे बल्ब पूर्ण उजळेल आणि सुमारे साडेचार अँपिअरचा करंट मोटरीतून वाहील. हा करंट बल्बच ठरवतो, त्यामुळे वायंडिंगला काही होत नाही. शंभर अँपिअर सहज घेणाऱ्या मोटरीला साडेचार म्हणजे काहीच नाही. आता मीटर २०० मिलिव्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवा आणि प्रोब मोटरीच्या त्याच दोन वायरींच्या बुलेटवर टेकवा. करंटची वाट वेगळी आणि मीटरची वाट वेगळी असल्यामुळे प्रोबचा रेझिस्टन्स मापनात येत नाही. मिलिव्होल्टला अँपिअरने भागले की थेट मिलिओहम मिळतात.

तिन्ही जोड्या मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर मोटरीचे तांबे ठीक आहे. एका जोडीचा आकडा बरा आणि उरलेल्या दोन्हींचा वाईट आला, तर त्या दोन जोड्यांत समाईक असलेली वायर दोषी समजावी. आकडा वाढलेला असेल तर त्या वायरीत कुठेतरी जोड कच्चा आहे किंवा काही तारा तुटल्या आहेत. घटलेला असेल तर वळसे शॉर्ट आहेत. मापन बुलेटवर झाल्यावर बुलेटच्या मागे, वायर जिथे उघडी आहे तिथे प्रोब टेकवून पुन्हा मोजा. दोष कनेक्टरमध्ये आहे की आत, हे तिथेच कळते.

तुमच्याकडे हातातली ड्रिल असेल तर तिसरी तपासणीही करून ठेवा. मोटरीचा शाफ्ट ड्रिलच्या चकमध्ये धरा, मोटर पक्की बांधा, ड्रिल पूर्ण वेगात फिरवा आणि दोन वायरींमधले एसी व्होल्ट मोजा. तिन्ही जोड्यांना सारखे व्होल्ट मिळाले पाहिजेत. मीटरला हर्ट्झची रेंज असेल तर ड्रिलचा वेग वेगळा मोजायला नको. चार पोलच्या मोटरीत हर्ट्झला ३० ने गुणले की मिनिटाचे फेरे येतात. त्या फेऱ्यांना मोजलेल्या एसी व्होल्टच्या १.४१ पटीने भागले की केव्ही मिळतो. २८०० फेऱ्यांना ८०० केव्हीची मोटर सुमारे अडीच व्होल्ट दाखवील. व्होल्ट तिन्ही जोड्यांत सारखे पण बरेच कमी आले, म्हणजे केव्ही वाढलेला निघाला, तर चुंबकाची ताकद गेली आहे असे समजा. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे ताकद गमावू लागतात आणि ती परत येत नाही. अशी मोटर मोकळी असताना जास्त वेगाने फिरते आणि भार आला की जास्त करंट खाऊन आणखी तापते. वापरलेल्या मोटरीत हे तपासलेले बरे.

एक सूचना आमच्या भागापुरती. लेथच्या शेडसमोर किंवा फाउंड्रीच्या आवारात गाडी चालवू नका. मोटरीच्या पुढच्या झाकणाला हवेसाठी छिद्रे असतील तर लोखंडाचा बारीक बुरा थेट चुंबकाला जाऊन चिकटतो आणि मोटर उघडल्याशिवाय निघत नाही.

चिक्कोडी_८एस (चिक्कोडी)

तपासण्या कराव्यात हे मान्य आहे, पण मूळ प्रश्नाचे एक सरळ उत्तर असे की सेन्सरवाला जोड घेतला की थरथरीचा विषयच संपतो. हॉल सेन्सर उभ्या रोटरची जागा सांगतात, त्यामुळे चौदा किलोची गाडीही मुंगीच्या पावलाने सुरू होते. आमच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात ढेकळांतून गाडी काढायची तर हळू वेगावर ताबा लागतो आणि तिथे सेन्सर नसलेली मोटर कायम रडते.

उद्यमबाग_वायंडिंग (बेळगाव)

सेन्सरचा फायदा खरा आहे, परंतु इथे तो दोष झाकेल, काढणार नाही. कच्चा जोड तसाच राहून गाडी गुळगुळीत सुरू झाली तर तो जोड तापतो आहे हे कळायलाही उशीर होईल. शिवाय सहा तारांची ती नाजूक सेन्सर केबल खानापूरच्या पावसात आणि चिखलात टिकवायची तर तिच्या दोन्ही टोकांना सिलिकॉन आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लागते. केबल सैल झाली की बहुतेक कंट्रोलर गुपचूप सेन्सरविना चालू लागतात आणि मालकाला वाटते की मोटर बिघडली. तांबे मोजून होईपर्यंत खरेदीचा विषय नको.

जांबोटी_रोड (खानापूर)

मोजून झाले. हाताच्या चाचणीत काही वावगे आढळले नाही. शाफ्ट मोकळा आहे आणि तिन्ही जोड्यांत सारखाच जड होतो. ड्रिलवर तिन्ही जोड्यांना २.४ ते २.५ व्होल्ट मिळाले आणि हर्ट्झ ९३ च्या जवळ आले, म्हणजे केव्ही ८०० च्या आसपासच आहे आणि चुंबक ठीक दिसतात.

बल्बच्या तपासणीत मात्र फरक दिसला. बॅटरी शेजारच्या घरातल्या यूपीएसची होती आणि बल्बमधून ४.६ अँपिअर वाहत होते. वायरींना अ, ब, क म्हटले तर बुलेटवर मोजताना अ-ब मध्ये २६ मिलिव्होल्ट, ब-क मध्ये ४४ आणि अ-क मध्ये ४३ आले. प्रोब पुनःपुन्हा टेकवूनही आकडे हलले नाहीत. मग क च्या बुलेटवरची हीटश्रिंक (तापवून आवळलेली प्लास्टिकची नळी) कापली. ती आतून तपकिरी होऊन कडक झाली होती, बाकी दोन्हींची मऊ होती. हीटश्रिंक काढल्यावर बुलेटच्या मागच्या बाजूला सोल्डर भरपूर दिसते, अगदी गोळा आहे, पण तो निस्तेज आणि दाणेदार आहे. त्यातून बाहेर येणाऱ्या तारांपैकी काही चकचकीत रुपेरी आहेत आणि काही तशाच तांबूस, वार्निश लावल्यासारख्या. बुलेटच्या मागे रुपेरी तारांवर एक प्रोब आणि बुलेटवर दुसरा ठेवला तर तेवढ्या सेंटिमीटरभर अंतरात काहीच येत नाही, आणि तांबूस तारेवर प्रोब टेकवला तर मीटर भलतेच आकडे दाखवतो. हे नेमके काय आहे?

उद्यमबाग_वायंडिंग (बेळगाव)

दोष सापडला. त्या तांबूस तारांवर खरोखरच वार्निश आहे आणि तो इनॅमल कारखान्यातच दिलेला असतो. बऱ्याच मोठ्या मोटरींच्या बाहेर आलेल्या वायरी वेगळ्या जोडलेल्या नसतात. स्टेटरवर गुंडाळलेल्या तारांचाच जुडगा स्लीव्हमध्ये घालून बाहेर काढलेला असतो. कारखान्यात त्या जुडग्याचे फक्त टोक इनॅमल काढून सोल्डरमध्ये बुडवतात. आधीच्या मालकाने वायरी आखूड करताना हे सोललेले टोक कापून टाकले आणि नवे बुलेट इनॅमलसकट तारांवर बसवले. वरून सोल्डर ओतले की बुलेट दणकट बसल्यासारखे दिसते, पण ज्या तारांवर इनॅमल शाबूत राहिला त्या विजेच्या दृष्टीने बाहेरच राहतात. रुपेरी तारा आणि बुलेट यांच्यात काही आले नाही, कारण त्यांचा जोड चांगलाच आहे. सगळा करंट त्या मोजक्या तारांतूनच जात असल्यामुळे वाढीव व्होल्टेज त्यांच्या लांबीवर, थेट आतपर्यंत, पडते. अ आणि ब वर त्याचे काम नशिबाने जमले असावे.

आता हिशेब पाहा. क च्या वाटेवर १७-१८ मिलिव्होल्ट जादा पडतात, त्याला ४.६ ने भागले की जवळजवळ ४ मिलिओहम. आकडा नगण्य वाटतो, पण त्या फेजमधून १०० अँपिअर गेले तर उष्णता करंटच्या वर्गाने वाढते आणि तेवढ्या वाटेवर ४० वॉट निर्माण होतात. म्हणजे क च्या वायरीत एक छोटे सोल्डरिंग आयर्न गाडीभर चालू आहे. ती उष्णता तांब्यातून एकीकडे मोटरीत आणि दुसरीकडे कंट्रोलरच्या बोर्डात जाते. सुरुवातीच्या थरथरीचेही कारण त्यातच आहे. एका फेजचा रेझिस्टन्स वेगळा झाला की तिचा धक्का कमी जोराचा होतो, आणि रिकाम्या फेजवरून रोटर ओळखण्याचा कंट्रोलरचा हिशेबही तिरका होतो.

दुरुस्ती अशी करा. क चे बुलेट काढा, पण वायर आणखी कापू नका, लांबी फार उरलेली नाही. स्लीव्ह मागे सरकवून जुडगा पंख्यासारखा पसरवा आणि प्रत्येक तारेचा शेवटचा सव्वा सेंटिमीटर धारदार ब्लेडच्या पाठीने किंवा बारीक पॉलिश पेपरने सर्व बाजूंनी घासा, तांबे गुलाबी दिसेपर्यंत. काही इनॅमल सोल्डरच्या उष्णतेने जळतात, काही जळत नाहीत. तुमचा कोणता हे तपासत बसण्यापेक्षा घासलेले बरे. मग फ्लक्स लावून तारा एकेक रुपेरी करून घ्या, पुन्हा एकत्र आवळा आणि बुलेटमध्ये बसवा. २५ वॉटच्या आयर्नने हे होणार नाही. जाड टोकाचे १०० वॉटचे आयर्न लागेल, कारण तांबे उष्णता ओढून नेते आणि अर्धवट तापलेला जोड असाच दाणेदार होतो. जोड झाल्यावर हीटश्रिंक घालण्याआधी बल्ब लावून पुन्हा मोजा. अ आणि ब ही उघडून पाहावेत असे माझे मत आहे, आकडे बरे असले तरी.

आता वायरींच्या लांबीबद्दल, कारण जुना कंट्रोलर कशाने गेला याचे निम्मे उत्तर तिथे असण्याची शक्यता आहे. कंट्रोलर करंट सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. बॅटरीच्या लांब वायरीला करंटमधला हा बदल सहन होत नाही, त्यामुळे दर वेळी व्होल्टेज वर-खाली उसळते. ती उसळी कंट्रोलरवरचे कॅपॅसिटर झेलतात, तापतात, सुकतात आणि शेवटी फुगतात. ते निकामी झाले की उसळी मॉस्फेटवर, म्हणजे करंट तोडणाऱ्या-जोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर, जाते. पूर्ण चार्जच्या ३३.६ व्होल्टवर कॅपॅसिटर ३५ व्होल्टचे असतील तर मुळातच वाव थोडा असतो. जळालेला कंट्रोलर अजून ठेवला असेल तर त्याच्या कॅपॅसिटरची टोके फुगली आहेत का पाहा. कॅसल कंपनीच्या काही कंट्रोलरांत प्रवासाची नोंद राहते आणि त्यात ही उसळी रिपल व्होल्टेज म्हणून वाचता येते. तुमच्यात ती सोय नसेल तर डबा पुढे आणून वायरी कंपनीने दिल्या होत्या तेवढ्याच ठेवा. ते शक्य नसेल तर कंट्रोलरच्या अगदी जवळ ५० व्होल्टचे, कमी ईएसआरचे (आतला रेझिस्टन्स कमी असलेले) कॅपॅसिटर पॅरलल जोडावे लागतील. ते डब्याजवळ जोडून उपयोग नाही. लांबी मोटरीच्या बाजूला वाढवलेली त्यामानाने परवडते.

जुना कंट्रोलर मेला आहे की फक्त वास आला, हेही मीटरच्या डायोड रेंजवर कळते. बॅटरी काढा, कॅपॅसिटर बल्बमधून रिकामे करा, लाल प्रोब बॅटरीच्या काळ्या वायरीवर ठेवा आणि काळा प्रोब एकेका फेजवर टेकवा; नंतर काळा प्रोब बॅटरीच्या लाल वायरीवर ठेवून लाल प्रोब एकेका फेजवर टेकवा. सहाही आकडे ०.४ ते ०.६ च्या दरम्यान आणि एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा शून्याजवळ आला किंवा मीटर वाजला तर तो मॉस्फेट शॉर्ट आहे. नव्या कंट्रोलरचेही हे मापन करून ठेवा.

जांबोटी_रोड (खानापूर)

सविस्तर उत्तराबद्दल आभार. क बरोबरच अ आणि ब ही उघडले. ब मध्येही दोन-तीन तारा तांबूस निघाल्या. सर्व घासून, तापवून पुन्हा जोडले. आता बल्बवर तिन्ही जोड्या २५ ते २६ मिलिव्होल्ट दाखवतात. डबा पुढे घेतला, वायरी मूळच्या लांबीवर आणल्या. गाडी सपाट जमिनीवर हळू ट्रिगरनेही सुटते. चढावर अगदी किंचित अडखळते, तेवढे सेन्सर नसलेल्या मोटरीत असणारच असे मी समजतो. जुन्या कंट्रोलरमध्ये दोन फेज शून्यावर आहेत आणि एक कॅपॅसिटर वरून फुगलेला आहे.

एक शेवटचे विचारतो. तापमान मोजण्यासाठी घरातला कपाळावर धरायचा थर्मामीटर वापरला तर तो मोटरीवर काहीच दाखवत नाही. तो बिघडला आहे, की मोटर मर्यादेत आहे?

निपाणी_ऑफरोड (निपाणी)

तो बिघडलेला नाही. माणसाचा ताप मोजणारे ते यंत्र साधारण ४२-४३ अंशांपर्यंतच वाचते आणि त्यापुढे चूक दाखवते. औद्योगिक कामाची इन्फ्रारेड गन घ्या, ती तीनशे अंशांपर्यंत सहज जाते. मोटरीचे चकचकीत ॲल्युमिनियम मात्र तिलाही फसवते आणि आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो, म्हणून मोटरीच्या कवचाच्या मधोमध काळ्या इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. गाडी थांबल्यावर लगेच आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण आतल्या वायंडिंगची उष्णता बाहेर यायला वेळ लागतो आणि दुसरा आकडा बहुधा जास्त येतो. तो ८० च्या खाली राहील असा पिनियन निवडा. तुम्ही लावलेला लहान पिनियन सध्या काढू नका. पावसाळ्यात गवत वाढले की त्याची गरज पडेल. आणि दर वेळी गाडी थांबवल्यावर तिन्ही बुलेटनाही गन दाखवा, तिन्हींचे तापमान दोन-चार अंशांच्या फरकात असले पाहिजे.